मुक्काम वडाळा, मे 1960

मुलं बरोबर आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी सामानाची झडती घ्या. मोबाइल घरी ठेवा. धाकट्याची कार्टूनवाली बाटली, मोठीचे चालताना दिवे लागणारे बूट, सनस्क्रीन, ओले रुमाल, सगळं घरीच राहू दे. पाचशेच्या नोटाही काढून ठेवा. तिथे त्यांच्यावरचं साल वाचलं तर तुम्हाला थेट चौकीवर नेतील. सुती कपडे, पायात चपला, डोक्याला तेल. कोणी विचारलं तर एकच उत्तर, सगळ्यांनी पाठ करायचं : "गावाहून आलोय. मुलांना मुंबई दाखवायची आहे."

शनिवार, 7 मे 1960. संध्याकाळी तुम्ही हार्बरच्या लोकलमधून वडाळा रोडला उतरता. पहिल्यांदा जाणवतो तो वास. पूर्वेकडून खाडीचा खारट वारा येतोय आणि त्यात पोर्ट ट्रस्टच्या यार्डातल्या इंजिनाचा कोळशाचा धूर मिसळलाय. ज्या रुळांवर तुम्ही उभे आहात ते साधेसुधे नाहीत. हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. धाकट्याला हे सांगू नका, त्याला फक्त इंजिन पाहायचंय.

फलाटावर नाना उभे आहेत. यार्डात कारकून, वय चव्वेचाळीस, अंगात पांढरा सदरा आणि मे महिन्यातही हातात छत्री. "आलात? मला वाटलं, या दिवसांत मुंबईकडे कोण येतंय!" त्यांचं बरोबर आहे. मे महिन्यात मुंबईचा मराठी माणूस उलट्या दिशेला जातो. भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत गावाला पोचायचं आणि पावसाआधी बोटी बंद व्हायच्या आत फणसाची साठं घेऊन परतायचं. नानांच्या चाळीत निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत. यंदा नानांची रजा मंजूर झाली नाही म्हणून ते इथे आहेत आणि म्हणूनच तुम्हाला झोपायला गॅलरीत जागा आहे.

चाळीत पोचलात की नानांची बायको, म्हणजे काकू, मुलांकडे बघून पहिलं वाक्य बोलतात ते असं : "पोरं किती वाळलीत हो!" मग कोकमाचं सरबत येतं. धाकटा कानात विचारतो, टीव्ही कुठेय? मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायला अजून बारा वर्षं आहेत, 2 ऑक्टोबर 1972 उजाडावा लागेल. काकूंनी शेजारून मागून आणलेले 'चांदोबा'चे जुने अंक आहेत, ते त्याच्या हातात द्या. वेताळाच्या चित्रावर त्याचा अर्धा तास निघतो.

रविवारी पहाटे नळ येतो आणि चाळ जागी होते. तुम्हीही उठा, कारण पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही. मोठी नानांबरोबर आरेच्या केंद्रावर जाऊन दुधाच्या बाटल्या घेऊन येते. रिकाम्या बाटल्या दिल्या की भरलेल्या मिळतात, हा व्यवहार तिला फार आवडतो. तोवर काकूंचा डबा तयार झालाय : तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. आणि फिरकीचा तांब्या. हा जरा नीट बघून घ्या, आता तो फक्त जुन्या बाजारात दिसतो. पितळी, आतून कल्हई केलेला, पोट मोठं आणि मान आखूड. झाकण आट्यांनी फिरवून बसवायचं आणि तेच झाकण उलटं केलं की पाणी प्यायला फुलपात्र. वर धरायला कडी. भरला की चांगला जड होतो आणि तो धरायचा मान पाहुण्यांना असतो, म्हणजे तुम्हाला.

वडाळ्याहून दादर टीटीला चालत जायचं. बस आहे, पण नाना म्हणतात, "कशाला? सकाळचं ऊन आहे." कात्रक रोडवरच्या विठोबाला बाहेरूनच हात जोडा, आषाढीला इथे पंढरपूरची गर्दी उतरते, आज पुजारी आणि दोन मांजरं आहेत. पुढे पाच उद्यानं लागतात आणि मुलं सुटतात. पाचही बागा मोकळ्या, भोवती झाडं, पारशांच्या दोन-तीन मजली घरांचे व्हरांडे, बाकावर सदरा-लेंग्यातला एक म्हातारा बावाजी. हा सगळा भाग आखून वसवलेला आहे. 1896 च्या प्लेगने गिरगाव-मांडवीच्या कोंदट वस्त्या उघड्या पाडल्या, 1898 मध्ये सुधार ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंगा-वडाळ्याकडे रुंद रस्ते आणि बागा काढल्या. मुंबईत कुणीतरी आधी रस्ता आखला आणि मग घरं बांधली, असंही एकदा घडलंय, हे मुलांना मुद्दाम दाखवा.

हिंदू कॉलनीतून जाताना नाना एका इमारतीसमोर चपला न काढताच क्षणभर थांबतात. राजगृह. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी बांधलं. त्यांना जाऊन साडेतीन वर्षंही झालेली नाहीत. "मी पाहिलेत त्यांना, इथेच," एवढंच नाना म्हणतात आणि चालू लागतात.

दादर टीटी. या 'टीटी'चा अर्थ काय ते तुम्ही इतकी वर्षं उच्चारूनही कधी विचारलं नसेल. ट्राम टर्मिनस, आणि ट्राम समोर उभी आहे. मुलं वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडतात. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवतो, ठण ठण ठण, आणि गाडी निघते. तिचा वेग ऐकाल तर हसाल, पण तुमच्या काळात याच रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी तुम्ही मोटारीतून यापेक्षा फार जोरात जात नाही.

तिकिटाच्या वेळी एक गंमत होते. दशमान नाणी येऊन तीन वर्षं झालीत, पण लोक अजून आण्यांतच बोलतात. कंडक्टर हिशेब करतो : एक आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. मोठी लगेच अडते. "सहा चोक चोवीस. वरचा एक पैसा कुणाचा?" कंडक्टर म्हणतो, "सरकारचा." नानांना इतकं हसू येतं की त्यांचा परळचा नेहमीचा इतिहास सांगायचा राहून जातो. पैसे त्यांनीच दिलेत. तुम्ही खिशात हात घालू नका, घातलात तर ते रागावतील.

परळ, लालबाग. रविवार असल्यामुळे गिरण्यांची धुराडी गप्प आहेत आणि फुटपाथवर कामगार वर्तमानपत्र वाचत बसलेत. महाराष्ट्र राज्य होऊन आज आठवा दिवस. चौकाचौकात पताका अजून उतरलेल्या नाहीत. ट्रामचं मात्र शेवटचं पर्व चाललंय. 31 मार्च 1964 ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघेल, माणसं दुतर्फा उभी राहून तिला निरोप देतील. हे तुम्हाला ठाऊक आहे, गाडीत आणखी कुणालाही नाही. धाकट्याला दांडा धरून उभं राहायचं असेल तर राहू द्या.

राणीच्या बागेत दिवस काढायचा असतो, तासभर नाही. ही बाग 1862 ची. आत शिरताच उंच घड्याळाचा मनोरा, मग वस्तुसंग्रहालय आणि त्याच्या बाजूला दगडी हत्ती. थांबा तिथे. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी 'एलिफंटा' हे नाव ठेवलं तो हाच. 1864 मध्ये साहेबाने त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे पुढे इथे आले आणि 1914 मध्ये जोडून हत्ती उभा केला. सांधे दिसतात. धाकटा बोट फिरवून मोजायला लागतो आणि मध्येच सोडून देतो, कारण झाडांमागून खरा हत्ती येतोय, पाठीवर हौदा आणि हौद्यात ओरडणारी मुलं.

रांग लावा. पाळी आली की लाकडी जिन्यावरून वर चढायचं. हत्तीची कातडी जवळून पाहिली तर तिच्यावर राठ, काळे, विरळ केस असतात. पाय खाली सोडला की ते पोटरीला टोचतात. मोठी किंचाळते आणि मग सबंध फेरीभर मुद्दाम पाय घासत बसते. तुमच्या काळात ही फेरी मिळणार नाही आणि ते बरंच आहे. वाघाच्या पिंजऱ्यापाशी तुम्हाला ते लगेच पटतं. लोखंडी गज, सिमेंटची जमीन, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. लोक शेंगदाणे फेकतात. 1960 मध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जुन्या काळाचं सगळंच गोड होतं असं म्हणणाऱ्याला या पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं उभं करावं.

डबा गोरखचिंचेखाली सोडा. खोड एवढं प्रचंड की दोन्ही मुलं आणि नाना हात पसरूनही त्याला पुरत नाहीत. हे आफ्रिकेतलं झाड. या बागेचा खरा ऐवज तिची झाडं आहेत, पण मुलांना घेऊन येणारे आपण पिंजऱ्यांचीच यादी करतो. पुऱ्या संपतात. तांब्याच्या झाकणातून सगळे पाळीपाळीने पाणी पितात. तुम्ही क्षणभर जंतूंचा विचार करता आणि पिऊन टाकता.

दुपारी बोरीबंदर आणि तिथून पायी. फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक म्हणू नका. स्मारक अजून उभं राहायचंय. पण 21 नोव्हेंबर 1955 ला इथे गोळ्या चालल्या हे इथला पानवालाही सांगतो आणि नानांचा आवाज पहिल्यांदाच चढतो. पुढे काळा घोडा. घोडा खरोखर आहे! 1879 चा, त्याच्यावर राजपुत्र एडवर्ड स्वार. तुमच्या काळात या जागी बिनस्वाराचा नवा घोडा आहे, इथे ब्राँझचं जनावर आणि त्याचा स्वार दोघंही हजर आहेत. गेटवेवर उलटा प्रकार. मुलं महाराजांचा पुतळा शोधतात आणि तो नाही. तो 26 जानेवारी 1961 ला येईल.

तारापोरवाला मत्स्यालय जेमतेम नऊ वर्षांचं आहे, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 1951 च्या मे महिन्यात उघडलं, आणि मुंबईत सध्या त्याच्यासारखं आकर्षण नाही. आत अंधार, काचा उजळलेल्या, गर्दी. धाकटा एका माशासमोर हलेना, तो मासा त्याच्याकडे पाहतोय असं त्याचं ठाम मत. बाहेर पडलात की चौपाटी, भेळ, कुल्फी. भूक लागली म्हणून वडापाव मागू नका. वडा मिळेल, पाव मिळेल, पण दोघांची जोडी दादर स्टेशनबाहेर जमली ती 1966 च्या सुमारास असं मानतात. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट राहिला. मुलं रडतात. नाना म्हणतात, "पुढच्या खेपेला." तुम्ही काही बोलत नाही.

सोमवारी पहाटे स्प्रिंग मिलचा भोंगा तुम्हाला उठवतो. धाकटा घाबरून काकूंच्या कुशीत शिरतो. नायगावच्या बाजूला त्या भोंग्यावर हजारो घरांची चूल, आंघोळ आणि डबा चालतो. तुमच्या काळात त्या जागी काचेचे टॉवर आहेत. नानांची पाळी दुपारची, म्हणून सकाळ मोकळी. "काल मुंबई पाहिली," ते म्हणतात, "आता वडाळा बघा."

कुठल्याही 'मुंबई दर्शन'च्या यादीत वडाळा सापडणार नाही. रूळ ओलांडून पूर्वेला यार्डाच्या कडेने चालत गेलात की घरं संपतात आणि एकदम आभाळ उघडतं. मिठागरं. नजर जाईल तिथवर चौकोनी वाफे, मध्ये मातीचे बांध आणि बांधांवर मिठाच्या राशी, ऊन पडलं की डोळे दिपावेत इतक्या पांढऱ्या. मे महिना म्हणजे हंगामाचा शेवट. पाऊस पडायच्या आत जे निघेल ते काढायचं, कारण जूनमध्ये सगळं परत पाणी होणार.

काम पाहा. भरतीचं पाणी खाडीतून आत घेतात, मग ते एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरवत नेतात. प्रत्येक ठिकाणी ऊन थोडं पाणी खातं. शेवटच्या उथळ वाफ्यात पाणी इतकं दाट होतं की त्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. मग अनवाणी उभा असलेला आगरी माणूस लांब दांड्याची फळी घेऊन तळाचं मीठ काठाकडे ओढतो, सावकाश, मागे सरकत. जोरात ओढलं तर चिखल मिसळतो आणि भाव पडतो. त्याच्या पायांची कातडी बघा, टाचेपासून पोटरीपर्यंत भेगा आणि पांढरे डाग. मोठी एक खडा उचलून जिभेला लावते. "हे तर मीठच आहे!" ती म्हणते, आणि तो माणूस हसून फळी तिच्या हातात देतो. तिला ती तसूभरही हलत नाही.

बांधावर बसून नाना बोलतात. ते चौदा वर्षांचे असताना, 1930 च्या उन्हाळ्यात, मिठाच्या सत्याग्रहात वडाळ्याच्या या आगरांवर धाडीमागून धाडी पडल्या. 1 जूनला, रविवारी, पंधरा हजारांच्या आसपास माणसं आली. रेल्वेच्या फाटकापाशी पोलिसांनी कडं केलं होतं. बायका होत्या, पोरं होती. कडं फुटलं आणि सगळे चिखलातून धावत वाफ्यांत शिरले. मागून लाठ्या. ज्यांना पकडलं त्यांना वरळीच्या छावणीत नेऊन डांबलं. नानाही धावले होते, फार पुढे नाही. मूठभर मीठ रुमालात बांधून घरी नेलं. वडील पोर्ट ट्रस्टच्या नोकरीत. त्यांनी रुमाल बघितला, कानफटात मारली आणि मीठ मोरीत ओतायला लावलं.

"मग?" मोठी विचारते.

"मग काय? नोकरी जाईल म्हणून भ्याले होते ते. पुढे मलाही त्यांनीच तिथे चिकटवलं."

धाकट्याचं लक्ष नाही. त्याने चड्डीचे दोन्ही खिसे मिठाने भरलेत आणि कोणी रागावत नाही. शाळेच्या पुस्तकात दांडी येते, धारासणा येतं. वडाळा एखाद्या ओळीत आटोपतं. ज्या आगरावर मुंबईच्या कारकून-कामगारांची पोरं धावली ते लोकलच्या तिकिटात पाहता येत होतं, पण सहलीचं ठिकाण म्हणून तिथे कुणी मुलांना नेलं नाही. मला विचाराल तर त्या दोन दिवसांत पाहिलेल्या सगळ्यांत ते अव्वल होतं.

नानांची पाळी जवळ येते. निघताना काकू मुलांच्या हातावर पार्ले ग्लुकोचा पुडा ठेवतात आणि म्हणतात, "सुट्टी संपायच्या आत परत या." वडाळा रोडला लोकल येते. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड. कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी रचलेल्या दिसतात. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी शोधू नका, ते 1990 च्या दशकात येऊ लागतील.

आणि तुम्ही परत आपल्या सालात. वडाळ्याहून 2014 पासून मोनोरेल धावू लागली, डोक्यावरून पूर्व मुक्त मार्ग गेला. पाच उद्यानं जागेवर आहेत, कात्रक रोडचा विठोबा आहे, राजगृह आहे, हार्बरची लोकल आहे. या मे महिन्यात मुलांना मॉलमध्ये नेण्याआधी एकदा हाच रस्ता चालवा, वडाळा स्टेशन ते दादर टीटी. मग राणीच्या बागेत जा. पेंग्विनसाठी रांग असेल तर असू द्या, आधी संग्रहालयाच्या बाजूला वळा. दगडी हत्ती तिथेच आहे. आणि फोर्टातला तो काळा घोडा, स्वारासकट, 1965 मध्ये याच आवारात आणून ठेवलाय. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.